पुन्हा धावू लागताना : पातळ तळाचे बूट आणि पावलांची पूर्वतयारी

न्यासाच्या वार्षिक अहवालात कार्यवृत्त व जमाखर्चाच्या जोडीने आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. यंदाचा विषय प्रथमदर्शनी रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात येणाऱ्या अनेकांच्या दुखण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मोठ्या मॅरेथॉन स्पर्धा भरू लागल्या आणि धावणे हा केवळ खेळाडूंचा प्रांत राहिला नाही. शाळा-महाविद्यालयात धावलेली, पुढे नोकरी व संसारात धावणे सुटलेली मंडळी चाळिशी-पन्नाशीत पुन्हा मैदानाकडे वळतात. रक्तातील साखरेचा वा रक्तदाबाचा एखादा आकडा त्यास बहुधा निमित्त होतो. चार-सहा आठवड्यांत गुडघा कुरकुरू लागतो. मग कोणी हितचिंतक सुचवतो, ‘दोष जाड तळाच्या बुटांचा आहे. निसर्गाने दिलेल्या पावलाने धावावे. अनवाणी धावल्यासारखे वाटणारे पातळ तळाचे बूट घ्यावेत.’

या सल्ल्यात तथ्य किती व धोका किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून उपचार सांगण्याचा त्यास अधिकार नाही. प्रसिद्ध झालेले संशोधन सोप्या भाषेत वाचकांपुढे मांडावे, एवढाच हेतू आहे.

हे बूट म्हणजे नेमके काय?

धावण्याच्या रूढ बुटात टाचेखाली जाड, मऊ थर असतो. टाचेखालची जाडी चवड्याखालच्या जाडीपेक्षा साधारणतः १० ते १२ मिलिमीटरने अधिक असते. म्हणजे सपाट जमिनीवर उभे असतानाही पाऊल किंचित उतारावर असते. ‘मिनिमलिस्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुटात हा फरक नाममात्र असतो किंवा नसतोच. तळ पातळ, बोटांकडील भाग रुंद आणि वजन कमी असते. बूट हाताने सहज दुमडता येतो. पाचही बोटांना स्वतंत्र कप्पे असलेला एक प्रकारही २००० नंतरच्या दशकात बाजारात आला.

या प्रकाराची नेमकी व्याख्या मात्र बरीच नंतर झाली. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या पुढाकाराने ११ देशांतील ४२ तज्ज्ञांचे मत घेऊन २०१५ मध्ये एक मोजपट्टी ठरविण्यात आली. वजन, लवचिकता, तळाची जाडी, टाच व चवडा यांच्या उंचीतील फरक आणि पाऊल आवरून धरणाऱ्या रचना या पाच बाबींवरून बुटाला शून्य ते शंभर टक्के गुण दिले जातात. वेष्टनावर काहीही छापलेले असो, दुकानात बूट हातात घेऊन या पाच गोष्टी पाहिल्या तर सामान्य ग्राहकालाही पुष्कळसा उलगडा होतो.

विचाराचा उगम

अनवाणी धावण्याची चर्चा निघाली की इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव येतेच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला. या वेळी पायांत बूट होते आणि वेळ होती २ तास १२ मिनिटे ११ सेकंद. पहिली हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. दुसरी सहसा कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र वाचल्यास असामान्य तयारी केलेले पाऊल बुटासह वा बुटाविना धावू शकते, एवढाच अर्थ निघतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत हौशी धावपटूंची संख्या वाढली आणि जाड टाचेचे बूट सर्वत्र रूढ झाले. २००४ मध्ये डेनिस ब्रॅम्बल व डॅनिएल लीबरमन या शास्त्रज्ञांनी दीर्घ अंतर धावण्याची क्षमता हा मानवी उत्क्रांतीतील महत्त्वाचा टप्पा असल्याचे प्रतिपादन केले. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आले. मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत साध्या पातळ वहाणांवर लांब पल्ले धावणाऱ्या तराहुमारा लोकांची त्यातील कथा जगभर वाचली गेली. पाठोपाठ २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे लीबरमन व त्यांचे सहकारी यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नित्य अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे पाऊल टेकतानाचा पहिला आघात कमी होतो, असे त्यात दाखविले होते. निबंधाचे प्रतिपादन तेवढेच होते. ‘पातळ बूट घाला, दुखापत टळेल’ हा अर्थ लोकांनी व बाजाराने काढला.

या निष्कर्षाला पुढे मर्यादाही पडली. उत्तर केनियातील डासानाच लोक जन्मभर अनवाणी वावरतात. त्यांच्यावरील २०१३ च्या अभ्यासात, सावकाश व लांब धावताना त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक टाचेवर उतरतात असे आढळले. अनवाणी पावलाची एकच ‘नैसर्गिक’ ढब असते, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

पुढे बाजाराचा ओघ उलट दिशेने वळला. बुटांचे तळ इतके जाड होऊ लागले की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची कमाल मर्यादा घालावी लागली. एका दशकात तळ कागदासारखा पातळ झाला आणि विटेसारखा जाडही झाला. माणसाचे पाऊल मात्र तेच राहिले.

भार नाहीसा होत नाही, खाते बदलते

हिशेबाच्या वहीत एका खात्यातून रक्कम कमी केली की ती दुसऱ्या खात्यात दाखवावी लागते. द्विनोंदी पद्धतीचा हा नियम शरीराच्या भारालाही लागू पडतो.

समजा, ७० किलो वजनाची व्यक्ती ७ मिनिटांत एक किलोमीटर या संथ गतीने ५ किलोमीटर धावते आणि मिनिटाला १६५ पावले टाकते. ३५ मिनिटांत ५,७७५ पावले पडतात. प्रत्येक पायाच्या वाट्याला सुमारे २,९०० येतात. धावताना पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर जमिनीकडून पायावर येतो, म्हणजे दर पावलाला १४० ते २१० किलो. हा भार कोणत्या तरी अवयवाने सोसावाच लागतो.

टाचेवर उतरणाऱ्या धावपटूच्या गुडघ्यावर व नडगीवर त्याचा मोठा वाटा येतो. पातळ बुटात टाच आपटली की लागते, म्हणून माणूस आपसूक पाऊल आखूड टाकतो आणि चवड्याकडे उतरू लागतो. गुडघ्याच्या वाटीवरील ताण त्यामुळे कमी होतो, हे खरे आहे. तथापि तोच ताण पोटरीचे स्नायू, टाचेमागील अकिलीस स्नायुबंध आणि चवड्यातील लांब, बारीक हाडे यांच्या नावे जमा होतो. वर्षानुवर्षे उंच टाचेच्या बुटात राहिलेल्या पायात हीच खाती अशक्त झालेली असतात.

पातळ बूट चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. आपल्या पायातील कोणता भाग भार घेण्यास समर्थ आहे आणि कोणता नाही, हे आधी पाहावे लागते. जुन्या गुडघेदुखीच्या माणसाला हा बदल उपकारक ठरू शकतो. ज्याची टाचेमागील शीर पूर्वी दुखावली आहे, त्याला तोच बदल अपायकारक ठरू शकतो.

प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात?

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सारा रिज व सहकाऱ्यांनी ३६ अनुभवी धावपटूंवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ जणांनी १० आठवड्यांत क्रमाने पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळावे व उरलेल्या १७ जणांनी नेहमीचेच बूट वापरावेत, अशी योजना होती. आधी व नंतर पावलांचे एमआरआय काढण्यात आले. पातळ बुटांच्या गटातील १९ पैकी १० जणांच्या पायातील किमान एका हाडात अस्थिमज्जेची सूज वाढलेली दिसली. दुसऱ्या गटात अशी व्यक्ती एकच होती. हे नवशिके नव्हते आणि त्यांनी बदलही एका दिवसात केला नव्हता. दहा आठवडे त्यांना अपुरे पडले, ही बाब ध्यानात घ्यावी.

कॅनडातील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९९ धावपटूंना तीन प्रकारचे बूट देऊन १२ आठवडे १० किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करून घेतली. एकूण २३ जणांना दुखापत झाली. नेहमीच्या बुटांत ४, अर्धवट पातळ बुटांत १२ आणि पूर्ण पातळ बुटांत ७ अशी ती विभागणी होती. ऑस्ट्रेलियात ६१ धावपटूंची २६ आठवडे नोंद ठेवून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शरीराचे वजन सुमारे ७१ किलोच्या वर असल्यास पातळ बुटांत दुखापतीचा धोका वाढत जातो असे दिसले. मध्यम वयात पुन्हा धावू लागणाऱ्यांपैकी अनेकांचे वजन याहून अधिक असते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ज्या सारा रिज यांनी हाडांची सूज दाखविली, त्यांनीच २०१९ मध्ये ५७ धावपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आठ आठवडे पातळ बूट घालून केवळ चालण्याने पावलाचे स्नायू वाढले व बळकट झाले; पावलाच्या खास व्यायामांइतकाच हा लाभ होता. म्हणजे ज्या साधनाने घाई केल्यास हाड दुखावते, तेच संथपणे वापरल्यास पाऊल घडते.

जाहिरातीतील दाव्यांविषयी एक घटना उद्बोधक आहे. पाच बोटांच्या बुटांच्या निर्मात्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत २०१२ मध्ये ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. बूट पायांचे स्नायू बळकट करतात व दुखापत टाळतात, या विधानांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, असे वादींचे म्हणणे होते. कंपनीने दोष मान्य केला नाही. मात्र २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरचा निधी ठेवून तडजोड केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ११,००० हून अधिक धावपटूंचा समावेश असलेल्या १२ चाचण्या तपासण्यात आल्या. त्यातही अमुक प्रकारच्या बुटाने दुखापती कमी होतात, असे खात्रीने सांगता येईल असा पुरावा मिळाला नाही. जाड तळाच्या बुटांचे दावेही याच तराजूत तोलावेत.

दम आधी परततो, हाड मागाहून

पुन्हा धावू लागणाऱ्याच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. व्यायाम सुरू केल्यावर हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूही लवकर साथ देतात. स्नायुबंध व हाडे यांना मात्र महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर प्रथम जुना भाग झिजवते आणि मग तेथे नवा भाग बांधते. या दोहोंमधील काळात हाड तात्पुरते दुबळे असते. नेमका त्याच सुमारास दम परत आलेला असतो, उत्साह वाढलेला असतो आणि ‘पूर्वी आपण १० किलोमीटर सहज धावत होतो’ ही आठवण जागी होते. हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा, म्हणजे ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’चा, हा सर्वाधिक जोखमीचा काळ होय.

धावण्याची सुरुवात आणि बुटांचा बदल हे दोन्ही एकाच वेळी केल्यास दोन कर्जांचे हप्ते एकदमच सुरू होतात. यास्तव एका वेळी एकच बदल करावा.

‘आमचे बालपण अनवाणी गेले, आमच्या पायांना हे नवीन नाही’ असे आपल्याकडे अनेक जण म्हणतात. परंतु तीस-चाळीस वर्षे बुटांत राहिलेले पाऊल ती ताकद राखून ठेवत नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर अनवाणी चालणारे वारकरी आपण पाहतो. मात्र ते चालतात, धावत नाहीत, आणि चालताना एक पाऊल नेहमी जमिनीवर असल्याने आघात पुष्कळच कमी असतो. मिलिंद सोमण यांनी २०१६ मध्ये अहमदाबाद ते मुंबई हे ५२७ किलोमीटरचे अंतर अनवाणी धावून पूर्ण केले, त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता. लता भगवान करे यांनी २०१३ मध्ये बारामतीत ज्येष्ठांच्या ३ किलोमीटर शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धाव घेतली आणि ती जिंकली. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. त्यांचे अनवाणी पाय ही आवड नव्हती, निकड होती. धर्मादाय रुग्णालये कशासाठी असतात याचे याहून बोलके उत्तर नाही. परंतु निकडीपोटी केलेला पराक्रम हा व्यायामाचा पाठ म्हणून गिरवावयाचा नसतो.

क्रमवार पूर्वतयारी

पुढील क्रम निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी आहे. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी धावण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी.

१. पात्रता. ४५ मिनिटे भरभर चालल्यावर दुखू नये. भिंतीला हात टेकवून एका पायावर सलग २० वेळा टाच उचलता यावी. एका पायावर ३० सेकंद तोल राहावा. हे जमत नसेल तर प्रथम हेच व्यायाम करावेत.

२. पहिले चार आठवडे. पातळ बूट केवळ चालण्यासाठी वापरावेत. आरंभी १५ मिनिटे, पुढे हळूहळू ४५ मिनिटांपर्यंत. धावणे सुरू केलेच असेल तर ते जुन्या बुटांतच, चालणे व धावणे आलटून-पालटून ठेवावे.

३. पाचवा ते आठवा आठवडा. आठवड्यातून दोनच दिवस पातळ बुटांत १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे, अशा पाच फेऱ्या कराव्यात. मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. जागा सपाट असावी.

४. नववा ते सोळावा आठवडा. धावण्याचा काळ दर खेपेस २-३ मिनिटांहून अधिक वाढवू नये. दर चौथ्या आठवड्यात वाढ थांबवून अंतर कमी करावे.

५. त्यानंतर. पूर्णपणे पातळ बुटांकडे वळलेच पाहिजे असे नाही. चालण्यास व छोट्या फेरीस पातळ, लांब पल्ल्यास नेहमीचे, असे दोन जोड ठेवणे ही शहाणपणाची तडजोड होय.

चवड्यावर मुद्दाम उतरण्याचा खटाटोप करू नये, पोटऱ्या आखडतात. पाऊल शरीराच्या फार पुढे न टाकता कमरेखाली टाकावे, पावले आखूड व किंचित जलद असावीत आणि चवडा टेकल्यावर टाचही हलकेच टेकू द्यावी. बूट सायंकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसअखेर पाय किंचित फुगलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी.

पोटरीत दोन्ही बाजूंना सारखा येणारा व दोन दिवसांत ओसरणारा ठणका चिंतेचा नसतो. चवड्याच्या हाडावर बोट ठेवताच एकाच जागी कळ येत असेल, सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाच दुखत असेल किंवा रात्री निजल्यावरही दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवावे. हाडाचा सूक्ष्म तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. यास्तव ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा धावू नये. तज्ज्ञांना गरज वाटल्यास ते एमआरआय सुचवितात. वेळीच विश्रांती घेतल्यास असा तडा साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत सांधतो; दुर्लक्ष केल्यास हाड पुरते मोडू शकते.

कोणी या वाटेस जाऊ नये

दीर्घकाळचा मधुमेह असलेल्यांनी हा परिच्छेद विशेष लक्षपूर्वक वाचावा. मधुमेहात पावलांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू मंदावते. पातळ तळाच्या बुटांचा सगळा लाभ ‘जमीन कळते’ यावर उभा आहे. ज्याला खडा टोचलेला कळत नाही, त्याच्यासाठी तोच पातळ तळ जखमेचे, कधीकधी पाय गमावण्याचेही, कारण ठरू शकतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना, पायांच्या अनेक जखमांचे मूळ हरवलेल्या वेदनेत आहे हे दाखवून दिले. पुढे मधुमेहींच्या पायांची निगाही त्याच विचारावर उभी राहिली. आज मधुमेहींना मऊ रबराच्या एमसीआर चपला सुचविल्या जातात, त्यामागे हेच तत्त्व आहे. पावलांची संवेदना बारीक नायलॉनच्या तंतूने काही मिनिटांत, वेदनेविना तपासता येते. मधुमेहींनी ती वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी.

हाडांचा ठिसूळपणा, पूर्वीचा पायाचा अस्थिभंग, टाचेमागील शिरेचे जुने दुखणे किंवा पायांतील रक्तप्रवाह मंदावलेला असणे, या स्थितींतही तज्ज्ञांच्या सल्ल्याविना हा बदल करू नये.

समारोप

चालणे-धावणे हे कमी खर्चाचे व सर्वांच्या आवाक्यातील औषध आहे. पन्नाशीत पुन्हा धावू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना घरच्यांनी नाउमेद करू नये. मात्र ‘अजून किती दिवस नुसते चालणार?’ असे डिवचूही नये. चालण्याचे ते आठवडे वाया जात नाहीत. हाड त्याच काळात बांधले जाते. बुटांसाठी मोजलेली रक्कम एका दिवसाची असते. पायाला द्यावयाचा वेळ चार-सहा महिन्यांचा असतो आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. धावण्याने पाय दुखू लागल्यास अस्थिरोग वा फिजिओथेरपी विभागात येताना वापरातील बुटांचे सर्व जोड, जुने झिजलेलेसुद्धा, सोबत आणावेत. तळ कोठे झिजला आहे यावरून पायाचा भार कोठे पडतो याचा अंदाज येतो व निदानास मदत होते. सोबत गेल्या तीन महिन्यांत किती व केव्हा धावलो, याची साधी नोंद असल्यास अधिकच उत्तम.